आगमनकाळ: घरी वाचन की चर्चमध्ये पापनिवेदन?

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. खरेदी आणि फराळापलीकडे स्वतःत काही बदल व्हावा, असं वाटणाऱ्यांपुढे साधारण दोन मार्ग असतात: घरी बायबलचं वाचन, किंवा चर्चमध्ये पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे आपली पापं कबूल करणं.

वेळ: लूकच्या शुभवर्तमानाचे, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राचे, अध्याय २४. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की २४ तारखेला पुस्तक संपतं. रोजची पंधरा-वीस मिनिटं पुरतात. गाडी अडते ती पहिल्याच दिवशी, कारण पहिल्या अध्यायात ८० ओव्या आहेत. तो दोन बैठकांत वाचावा. पापनिवेदनाला स्वतः काही मिनिटंच लागतात, पण पुण्यातल्या कॅथलिक चर्चमध्ये नाताळ तोंडावर आला की रांग वाढते. तिसऱ्या रविवारपर्यंत, म्हणजे आगमनकाळात दर रविवारी लागणाऱ्या मेणबत्त्यांपैकी गुलाबी मेणबत्ती लागेपर्यंत, उरकून घेतलेलं बरं.

खर्च: दोन्हीकडे नाही.

बदल: खरा फरक इथे पडतो. वाचनात ३ तारखेला बाप्तिस्मा देणारा योहान सांगतो, दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. १९ तारखेला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत करतो. वाचून हळहळणं सोपं असतं, म्हणून त्या दिवशी कुणाचं काय देणं आहे ते कागदावर लिहावं. पापनिवेदनात अशी पळवाट कमी, कारण चूक नेमक्या शब्दांत तोंडाने बोलावी लागते. ‘माझा स्वभावच तापट’ एवढ्यावर भागत नाही.

रोजची शिस्त जमते किंवा प्रोटेस्टंट परंपरा आहे, त्यांनी वाचन धरावं. एखादी गोष्ट वर्षभर मनात सलतेय अशा कॅथलिकांनी आधी पापनिवेदनाला जावं, वाचन नंतर.