डॉकर कंपोझ आणि डॉट एन्व्ह: चार वर्षांच्या वापरानंतर

आमची टीम तिघांची, क्लायंट सगळे छोटे: दोन दवाखाने, एक पतसंस्था, एक क्लासवाले. सगळ्यांचं डिप्लॉयमेंट डॉकर कंपोझवर, म्हणजे सॉफ्टवेअरचे वेगवेगळे भाग आपापल्या कंटेनरमध्ये (बंदिस्त डब्यात) ठेवून एका फाइलवरून एकत्र चालवणाऱ्या टूलवर. ती मांडणीची फाइल यॅमल नावाच्या साध्या मजकुराच्या स्वरूपात असते, आणि आमच्याकडे ती एकच. टेस्टिंगचा पोर्ट, लाइव्हचा डेटाबेस हे सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (बाहेरून दिलेल्या नाव-किंमत जोड्यांमधून) येतं. एवढ्या सोयीसाठीच मी कंपोझ सोडत नाही.

मागच्या दिवाळीआधी एका दवाखान्याच्या डेटाबेसचा पासवर्ड बदलला. त्याच्या मधोमध डॉलरचं चिन्ह, पुढे चार अक्षरं. या व्हेरिएबलच्या किमती जिथे लिहितात, त्या डॉट एन्व्ह फाइलमध्ये मी तो जसाच्या तसा पेस्ट केला. कंटेनर वर आले, पण डेटाबेस काही अ‍ॅपला आत घेईना. रात्रीचे साडेअकरा, सकाळी नऊला ओपीडी. तासभर मी फायरवॉल तपासत बसले. मग 'डॉकर कंपोझ कन्फिग' चालवलं. ही कमांड सगळ्या किमती भरून झालेली यॅमल फाइल समोर ठेवते. पासवर्ड अर्धाच! डॉलरपुढची अक्षरं कंपोझने व्हेरिएबलचं नाव म्हणून वाचली होती, आणि तसं व्हेरिएबल नाही म्हणून तिथे काहीच भरलं नव्हतं. वॉर्निंगची ओळ आली होती, पण लॉगच्या गर्दीत वर निघून गेली. पासवर्ड एकेरी अवतरणात टाकला आणि दोन मिनिटांत अ‍ॅप सुरू झालं. (थेट यॅमलमध्ये लिहायचा तर डॉलर दोनदा द्यावा लागतो.)

माझी खरी तक्रार इथेच आहे. किंमत सापडली नाही तर थांबायला हवं. रिकामं भरून पुढे जाणं मला पटत नाही. थांबवायची सोय आहे, पण ती आपण मागावी लागते: महिरपी कंसात नाव, मग अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि आपला संदेश. आमच्या फाइलींत आता 'डेटाबेसचा पासवर्ड भरलेला नाही' असा मराठी संदेशच आहे. तो दिसला की नवा मुलगाही मला फोन न करता काम पुढे नेतो.

नव्यांचा आणखी एक घोळ होतो. डॉट एन्व्हमधल्या किमती फक्त यॅमलमधल्या जागा भरतात. कंटेनरच्या आत आपोआप जात नाहीत. त्यासाठी यॅमलमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' किंवा 'एन्व्ह फाइल' अशी नोंद लिहावीच लागते. शिवाय टर्मिनलमध्ये त्याच नावाचं व्हेरिएबल आधीच एक्स्पोर्ट केलेलं असेल, तर जागा भरताना तेच जिंकतं.

पाचपैकी चार तारे. पतसंस्थेचे पासवर्ड मात्र आम्ही सिक्रेट्समध्ये (व्हेरिएबलऐवजी फाइल म्हणून पासवर्ड कंटेनरला देण्याची कंपोझची सोय) हलवलेत, कारण 'डॉकर इन्स्पेक्ट' ही कंटेनरची माहिती दाखवणारी कमांड चालवली की व्हेरिएबल उघडे दिसतात.