आरएसव्हीपासून तान्ह्याचे संरक्षण: गर्भारपणातील लस की बाळाला प्रतिपिंडांचे इंजेक्शन?

आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस) हा श्वसनमार्गाचा विषाणू मोठ्यांना बहुधा सर्दीवर सोडतो; मात्र तान्ह्या बाळाच्या अरुंद श्वासनलिकांत तो उतरला, की बाळ दूध ओढेनासे होते, श्वासागणिक बरगड्यांमधली जागा आत खेचली जाते आणि प्रसंगी ऑक्सिजनसाठी रुग्णालय गाठावे लागते. या वयात थेट बाळालाच लस देण्याचा १९६० च्या दशकातील प्रयत्न अंगाशी आला होता. फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली ती लस घेतलेल्या बाळांना पुढे लागण झाली तेव्हा आजार अधिकच बळावला आणि दोन बाळे दगावली. आजचे दोन्ही पर्याय म्हणूनच बाळाला तयार प्रतिपिंडे (विषाणूला रोखणारी प्रथिने) पुरवतात. ती कोणत्या वाटेने आणि केव्हा पोहोचतात, एवढाच खरा फरक आहे.

‘अब्रिस्वो’ ही लस मातेला गर्भारपणाच्या उत्तरार्धात एकदाच दिली जाते आणि तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. चाचणीत तीव्र आजारापासून पहिल्या ९० दिवसांत सुमारे ८२ टक्के आणि १८० दिवसांपर्यंत सुमारे ६९ टक्के संरक्षण मिळाले. बाळाला सुई टोचावी लागत नाही, ही जमेची बाजू. अडचण वेळेची आहे, कारण लस आणि प्रसूती यांत किमान १४ दिवस जावे लागतात. शिवाय चाचणीत लस घेतलेल्या गटात मुदतपूर्व प्रसूती किंचित अधिक दिसल्या; हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस नव्हता, तरीही अमेरिकेत खबरदारी म्हणून ही लस ३२ ते ३६ आठवड्यांतच देतात, तर ब्रिटनमध्ये ती २८ व्या आठवड्यापासून दिली जाते.

‘निर्सेव्हिमॅब’ हे प्रतिपिंड थेट बाळाच्या मांडीत टोचतात: वजन पाच किलोंच्या आत असेल तर ५० मिलिग्रॅम, त्याहून अधिक असेल तर १०० मिलिग्रॅम. पूर्वीचे पॅलिव्हिझुमॅब हे प्रतिपिंड दरमहा द्यावे लागे. निर्सेव्हिमॅबची रचना मात्र रक्तात दीर्घकाळ टिकेल अशी बदललेली असल्याने एक मात्रा किमान पाच महिने पुरते. डॉक्टरांकडे न्यावे लागेल अशा श्वसनमार्गाच्या आजारात एका चाचणीत सुमारे ७५ टक्के, तर रुग्णालयात दाखल होण्यात दुसऱ्या चाचणीत सुमारे ८३ टक्के घट दिसली. प्रत्येक चाचणीने वेगळी गोष्ट मोजली असल्यामुळे हे आकडे लसीच्या आकड्यांशेजारी ठेवून वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

यापैकी काहीही घेतले की पुढे दमा टळेल, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. आरएसव्हीमुळे दाखल झालेल्या मुलांच्या छातीत पुढे घरघर अधिक आढळते हे खरे. पण विषाणूनेच ती प्रवृत्ती निर्माण केली की आधीपासून असलेली उघड केली, याचा उलगडा झालेला नाही. नेदरलँड्समधील चाचणीत ३३ ते ३५ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांना पॅलिव्हिझुमॅब दिल्यावर पहिल्या वर्षातील घरघर कमी झाली, मात्र सहाव्या वर्षी फुप्फुसांच्या कार्यक्षमतेत फरक आढळला नाही.

त्यामुळे निवड तारखांवरून करावी, असे माझे मत आहे. आरएसव्हीच्या हंगामात किंवा त्याच्या तोंडावर प्रसूती अपेक्षित असेल, तर लस सोयीची. हंगाम बराच दूर असताना बाळ जन्मणार असेल, तर मातेकडून आलेली प्रतिपिंडे तोवर ओसरू लागतात. अशा वेळी हंगामाच्या सुरुवातीला बाळाला दिलेले इंजेक्शन अधिक उपयोगी पडते. सहसा दोन्हींची गरज नसते, पण लसीनंतर १४ दिवसांच्या आतच प्रसूती झाली, तर बाळाला इंजेक्शन द्यावे.