संग्रहालयाच्या दुकानातली बिदरी: डबी उत्तम, कानातली घेताना आधी मागची बाजू बघा

कानातल्याची दांडी निघाली, म्हणून लिहायला बसले.

गेल्या पावसाळ्यात एका मोठ्या संग्रहालयाच्या दुकानातून बिदरीच्या, म्हणजे काळ्या धातूत चांदी जडवलेल्या, दोन वस्तू घेतल्या: खसखशीच्या फुलाची गोल कानातली आणि त्याच नक्षीची झाकणाची डबी. 17व्या शतकातल्या बिदरी हुक्क्यांच्या बुडाच्या भांड्यांवर खसखशीची झुडपं असतात, तिथून ही नक्षी घेतली आहे, आणि नीट घेतली आहे. पाकळी चांदीच्या पत्र्याची, देठ बारीक तारेचा. डबीच्या झाकणावरून बोट फिरवलं तर तार कुठेही टोचत नाही. इतक्या महिन्यांत एकही तुकडा उचकटलेला नाही. कारागिराच्या कामाला नाव ठेवायला जागाच नाही.

आता दांडी. संक्रांतीच्या सुमारास उजव्या कानातली टिकली गळून खांद्यावर पडली, दांडी कानातच. उलटून पाहिलं तर मागे वाळलेल्या गोंदाचा गोल ठिपका. दीड हजारावर रुपये मोजलेली वस्तू, आणि दांडी चिकटवलेली! नेहमीच्या सोनारकाकांकडे नेली. त्यांनी भिंग लावून बघितली आणि परत दिली. "ताई, हे जस्त आहे. चांदीच्या जोडाला ज्योत लावली तर जोड वितळायच्या आधी हीच वितळेल." बरोबरच आहे. बिदरीत जवळजवळ सगळं जस्तच, सोळा भाग जस्ताला तांबं साधारण एक भाग. आणि जस्त 420 अंशांच्या आसपासच वितळतं.

म्हणजे चिकटवण्यामागे कारण होतं. पण मग दांडी ठेवायचीच कशाला? काकांनी टिकलीच्या वरच्या कडेला, नक्षी सोडून, बारीक भोक पाडलं आणि चांदीची कडी अडकवली. दुसरीलाही तसंच केलं. खर्च अडीचशे. हे दुकानाला विकायच्या आधी करता आलं असतं. त्यांना फोटोसकट ईमेल केला, तर उत्तर आलं की हस्तकलेच्या वस्तू बदलून मिळत नाहीत. अहो, हस्तकला मोडलेलीच नाही, तुमचा गोंद सुटलाय! पुन्हा लिहिलं, तर तेच उत्तर, शब्दही तेच.

काळ्या रंगाबद्दलचं मत मात्र बदललंय. हिवाळ्यात कडा राखाडी दिसायला लागल्या, तेव्हा एक स्टार कापला होता. तो परत देते. बिदरीचा काळा हा वरून दिलेला रंग नसतोच. शेवटी वस्तू तापवून तिला बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावतात, त्याने जस्त काळं पडतं आणि चांदी तशीच राहते. मग तेलाचा हात. आमच्या उदगीरच्या आत्यांच्या घरी जुना बिदरी पानदान आहे. त्या म्हणाल्या, "खोबरेल तेलाचं बोट फिरव आणि रात्रभर राहू दे." सकाळी मऊ फडक्याने पुसलं, तर काळा असा खोल उठला की नवी असतानाही तेवढा नव्हता, आणि त्यावर चांदीची पाकळी लख्ख. भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू यातलं काहीही लावू नका, काळेपणा जाईल.

बरोबर आलेल्या कार्डावर बहमनी सुलतान आहेत, 2006 सालचं जीआय (भौगोलिक) मानांकन आहे. तेल लावा, एवढी एक ओळ नाही. ती छापायला काय लागतं?

डबीला पाच स्टार. कानातल्यांना तीन, तेही कारागिरासाठी. घ्यायचीच असतील तर दुकानातच उलटी करून बघा: भोक पाडून कडी असेल तर बिनधास्त घ्या, सपाट पाठीवर दांडी दिसली तर सोनाराचे अडीचशे धरूनच किंमत मोजा. डबी मी मामेबहिणीच्या लग्नात द्यायला आणखी एक घेणार आहे, आणि तेलाची सूचना चिठ्ठीवर लिहून आत ठेवणार आहे.