स्नायडर-एनफिल्ड: ठासणीच्या बंदुकीला मागून दार

1853 ची एनफिल्ड म्हणजे दातांनी काडतूस फाडायला लावणारी बंदूक. कागद फाडा, दारू ओता, गोळी सारा, गजाने ठासा, ठिणगीची टोपी बसवा. सराईत हातालाही मिनिटाला तीनच बार. 1866 पासून ब्रिटिशांनी तिचीच नळी मागून सुमारे अडीच इंच कापली, तिथे जेकब स्नायडरचा बिजागरीचा ठोकळा बसवला आणि तीच बंदूक मिनिटाला दहा बार काढू लागली. दस्ता, घोडा (बार काढताना आपटणारा), चाप सगळं जुनंच. काटकसरीचं इतकं हुशार काम क्वचितच पाहायला मिळतं.

10 एप्रिल 1868 रोजी ॲबिसिनियात (आजच्या इथिओपियात) अरोगीच्या लढाईत तिची कसोटी लागली. मुंबईहून निघालेल्या ब्रिटिश फौजेत स्नायडर गोऱ्या सोजिरांच्या हाती होती. सोबतच्या हिंदी शिपायांकडे ठासणीच्याच बंदुका. 1857 नंतरचा हा अविश्वास खटकतोच.

स्नायडर भरायची ती अशी: घोडा अर्ध्यावर ओढायचा, ठोकळा उजवीकडे उलटायचा, काडतूस अंगठ्याने कोठीत (नळीच्या मागच्या टोकाला) सारायचं, ठोकळा मिटायचा, घोडा पूर्ण चढवायचा. बार झाला की ठोकळा उघडून मागे खेचायचा. तो बिजागरीच्या दांडीवरून सरकतो आणि रिकामं टरफल ओढून आणतो. बाहेर फेकत मात्र नाही. रायफल उताणी करून ते पाडावं लागतं. वेळ जातो तो इथेच.

खरं श्रेय कर्नल बॉक्सरच्या काडतुसाचं. पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी, बुडाला लोखंडी चकती, 70 ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) काळी दारू, पुढे 480 ग्रेनची शिशाची गोळी. बार होताच गुंडाळी फुगून कोठीला घट्ट बसते, वायू मागे येत नाही. प्रशियाच्या ड्रायझे बंदुकीचं कागदी काडतूस इथेच कमी पडलं. सांध्यातून निघणारी धग थेट तोंडाशी यायची. पण बॉक्सरची गुंडाळी चेपली तर कोठीत जात नाही, आणि चकती उपटली तर पितळ आतच अडकतं. याच बांधणीचं काडतूस 1885 साली सुदानात स्नायडरनंतर आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीत अडकलं होतं.

संग्रहासाठी निवडायची तर मार्क 3, म्हणजे तिसरा नमुनाच. आधीच्या नमुन्यांत ठोकळा स्प्रिंगच्या एका खुंटीवर मिटलेला राहतो; खुंटी झिजली किंवा टरफल फाटलं की तो उडून उघडतो. मार्क 3 ला अंगठ्याने दाबायचा खटका आहे. तो न दाबता ठोकळा उचलून पाहा. जरासा जरी हलला तर ती बंदूक शोभेपुरतीच ठेवा.