जीएसटीचं समन्स आलं असंल तर हे सीए बरे, फोन मात्र उचलत नाहीत

आमचा नागपुरात मस्कासाथला मसाल्याचा धंदा आहे, सावजी मसाला दळून पाकिटं भरतो. सेंट्रल जीएसटीकडून कलम 70 चं समन्स आलं, म्हणजे कागद घेऊन हजर व्हा असा हुकूम, त्यात मागितली बिलं, पार्टीवाइज लेजर (एकेका व्यापाऱ्याचं खातं) आणि वरून प्रोडक्शन रजिस्टर. आता त्या रजिस्टरमध्ये प्रत्येक घाण्याला दगडफूल किती, खसखस किती, सगळं बाबांच्या अक्षरात लिहून असते, कारागिरालाही ते पूर्ण माहीत नाही, आणि त्याची झेरॉक्स आपण ऑफिसात नेऊन द्यायची म्हणे! मार्केटमधला एक जण म्हणे सगळं देऊन मोकळा हो, दुसरा म्हणे जाऊच नको, काही होत नाही. होते ना बाप्पा, हजर नाही झालं तर 25 हजारापर्यंत दंड आहे.

मग धरमपेठेतल्या या सीएंकडे गेलो. सरांनी आधी कागदावरचा डीआयएन नंबर, म्हणजे खात्याच्या पत्रावरचा ओळख क्रमांक, साईटवर टाकून समन्स खरं आहे का ते पाहिलं, मग पेन्सिल घेऊन एकेका आयटमसमोर खुणा केल्या. जीएसटी पोर्टलवर जे आधीच आहे त्यासाठी समन्स काढू नये असं त्यांच्या केंद्रीय बोर्डाचंच ऑगस्ट 2022 चं इन्स्ट्रक्शन आहे, ते उत्तरात टाकलं. रजिस्टरबद्दल सरळ बोलले, जीएसटीच्या नियम 56 प्रमाणे महिन्याला कच्चा माल किती लागला, तयार किती निघाला, घट किती, हा हिशोब द्यावाच लागते, तिथं वाद नाही. पण कोणत्या पाकिटात काय प्रमाणात टाकता ते त्या हिशोबात कुठं येते? म्हणून महिनावार तक्ता करून दिला, रजिस्टर पिशवीत सोबत नेलं, आणि पत्रात लिहिलं की यात धंद्याची गोपनीय माहिती आहे, पाहायचं असल्यास समोर दाखवतो. साहेबांनी पानं चाळली, टोटल जुळवली, रजिस्टर परत दिलं. दुसरा अधिकारी कॉपी मागूही शकते हे सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तेव्हा द्यायची आणि कलम 158 लिहायचं, म्हणजे काही अपवाद सोडले तर ती माहिती त्यांना बाहेर देता येत नाही.

आणखी एक आवडलं, प्रत्येक पानावर नंबर, वर यादी, दोन सेट. आपल्या सेटवर इनवर्डचा, म्हणजे कागद मिळाल्याचा, शिक्का पडल्याशिवाय तिथून हलायचं नाही अशी तंबीच होती.

आता तक्रारी. फोन लागत नाही, लागला तर आर्टिकलवाला (सीएचं शिकणारा) पोरगा "सर मीटिंगमध्ये" म्हणते आणि रात्री 11 ला व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटमेंट मागते. पार्किंग नाहीच. फी तगडी, अर्धी आधी, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जीएसटीला उत्तर द्यायलाही जीएसटी भरा!

तरी 4 स्टार. जायचं असंल तर समन्स हातात पडल्याबरोबर जा, तारखेच्या आदल्या दिवशी आलेल्या गांधीबागच्या एका कापडवाल्याला त्यांनी माझ्यासमोरच परत पाठवलं.