ओरेगॅनोचा घरगुती बियाणे-संच: बी चोख, सूचनापत्रक कच्चे

ओरेगॅनो घरच्या घरी बियांपासून वाढवता यावा म्हणून जे तयार संच मिळतात, त्यांपैकी एक संच मी हंगामभर वापरून पाहिला. माझे मत आधीच सांगते: पाकिटातले बी चोख आहे, बाकीचे सामान जेमतेम आहे आणि सोबतचे सूचनापत्रक जो तंतोतंत पाळील त्याचा ट्रे बहुधा ओसच राहील. बियांचे छोटे पाकीट, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) दाबलेल्या चकत्या, पारदर्शक झाकणाचा प्लॅस्टिकचा ट्रे, नावाच्या पट्ट्या आणि घडी घातलेले पत्रक एवढ्या वस्तू संचात येतात.

बियांचे पाकीट दुहेरी आहे. बाहेर कागद, आत हवाबंद चंदेरी पुडी, आणि बी भरल्याची तारीख व वापराची मुदत दोन्ही ठळक छापलेल्या आहेत. ओरेगॅनोचे बी अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार दाणे सहज मावतात. पुडी फोडल्यावर तपकिरी भुकटीसारखे काहीतरी कोपऱ्यात चिकटलेले दिसते, तेच बी. चिमटीने उचलायला गेल्यास एकाच जागी शंभरेक दाणे पडतात. त्यापेक्षा पांढऱ्या कागदाला मधोमध घडी घालून त्यावर थोडे बी घ्यावे आणि कागदाला बोटाने हलके टिचकी मारत ते पसरावे. या युक्तीचा पत्रकात उल्लेखही नाही.

पत्रकाचा खरा दोष मात्र याहून मोठा आहे. ‘बी एक सेंटिमीटर खोल पेरून मातीने झाकावे’ असे त्यात छापले आहे. ही सूचना मोठ्या दाण्याच्या पिकांना चालेल. ओरेगॅनोच्या बाबतीत ती सरळसरळ चूक आहे. या बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो, आणि दाणा इतका लहान असतो की मातीचा सेंटिमीटरभर थर फोडून वर येण्याइतका अन्नसाठा त्यात नसतो. म्हणून बी ओलसर मिश्रणावर नुसते भुरभुरावे, तळहाताने अलगद दाबावे आणि बारीक फवाऱ्याने पाणी द्यावे, झारीने नव्हे. खात्री करून घ्यावी म्हणून मी अर्धा ट्रे पत्रकाप्रमाणे पेरला आणि अर्ध्यात बी वरच ठेवले. तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस असले की एक ते दोन आठवड्यांत उगवण होते, आणि वर ठेवलेल्या अर्ध्या भागात त्या मुदतीत दाट हिरवी लव आली. दुसऱ्या अर्ध्यात कडेकडेने, जिथे माती खचून बी उघडे पडले होते तिथेच, तुरळक रोपे दिसली. बी वाईट नव्हते, याचा यापेक्षा चांगला पुरावा नको.

झाकणाबद्दलही तक्रार आहे. उगवण होईपर्यंत ते उपयोगी पडते, कारण वरच ठेवलेले बी एक दुपार जरी कोरडे पडले तरी मोड करपतो. परंतु झाकणाला हवेसाठी एकही भोक नाही, आणि पत्रक सांगते की चार पाने येईपर्यंत ते काढू नये. एवढे दिवस कोंडलेल्या दमट हवेत पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे मातीतले रोगकारक जीव फोफावतात आणि कोवळी रोपे बुडाशी काळवंडून रातोरात आडवी पडतात. बहुतेक बी रुजले की झाकण बाजूला करावे, वारा खेळता ठेवावा आणि पाणी खालून, उथळ ताटलीतून द्यावे. ट्रेच्या तळाला भोके आहेत, ही जमेची बाजू. ताटली मात्र आपली आपण शोधायची.

कोकोपीटच्या चकत्या पाण्यात छान फुगतात. त्यांत अन्नद्रव्ये नसल्यातच जमा असल्याने खऱ्या पानांच्या (उगवताना दिसणाऱ्या पहिल्या दोन बीजपत्रांनंतर येणाऱ्या पानांच्या) दोन-तीन जोड्या आल्या की रोपे हलवावी लागतात. त्या वेळी चकतीभोवतीची जाळी फाडून टाकावी, नाहीतर मुळे आतच घोटाळत राहतात. हेही पत्रक सांगत नाही. पुढची व्यवस्था सोपी आहे. हे झाड मूळचे भूमध्य समुद्राच्या परिसरातले, खडकाळ उतारांवरचे. त्याला दिवसाकाठी सहा तास ऊन आणि चटकन निचरा होणारी माती मिळाली, रोपांमध्ये वीस ते तीस सेंटिमीटर अंतर राहिले की पुरे. पत्रकात दर आठवड्याला खत द्या म्हटले आहे. तसे केल्यास पाने मोठी आणि लुसलुशीत होतात, पण वास पातळ होतो.

आता ज्यावर मला सर्वाधिक बोलायचे आहे ते पाकिटावरचे नाव. तिथे ‘ओरिगॅनम व्हल्गेरे’ एवढेच लिहिले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या एका जातीच्या अनेक उपजाती आहेत. ज्या तीव्र, जीभ चुरचुरवणाऱ्या स्वादासाठी लोक ओरेगॅनो लावतात तो मुख्यतः हिर्टम या उपजातीचा, म्हणजे ग्रीक ओरेगॅनोचा. त्याच्या तेलात कार्व्हाक्रोल, म्हणजे हा तिखट स्वाद देणारे द्रव्य, भरपूर असते, पाने लवदार असतात आणि फुले पांढरी येतात. सर्वसाधारण रानटी ओरेगॅनोची फुले गुलाबी-जांभळी असतात आणि पानांना स्वाद बेताचाच असतो. पाकिटावरच्या मजकुरात ‘अस्सल ग्रीक स्वाद’ म्हटले आहे आणि शेजारच्या छायाचित्रात फुले जांभळी आहेत! विकणाऱ्याने दोहोंपैकी एक काहीतरी बदलावे. निदान पानओव्याला ओरेगॅनो म्हणून खपवण्याचा प्रकार इथे झालेला नाही. त्याची जाड, मांसल पाने वासाला जवळची असली तरी तो निराळ्याच प्रजातीचा आहे आणि सहसा फांदीपासूनच लावतात.

प्रत्यक्षात या पाकिटातून आलेली रोपे एकसारखी निघाली नाहीत. काहींचे पान चावताच जिभेच्या टोकाला ऊब आणि किंचित बधिरपणा जाणवला, तर काहींना ओल्या गवतापलीकडे चव नव्हती. बियांपासून वाढवलेल्या ओरेगॅनोत असा फरक पडतोच, कारण फुलांवर मधमाश्यांची सतत ये-जा असते आणि परपरागीकरणामुळे (एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर पडल्यामुळे) प्रत्येक दाण्याचा वाण थोडा वेगळा होतो. म्हणून रोपे बोटभर उंचीची होताच एकेकाचे पान चाखावे, फिकी रोपे निःसंकोच उपटावीत आणि जे झाड सर्वांत तिखट वाटेल त्याचे फाटे लावून पुढची लागवड करावी. फाट्यापासून आलेले झाड हुबेहूब मूळ झाडासारखेच असते. अनेक रोपांतून निवड करायला मिळते, हाच मुळात बी पेरण्याचा फायदा आहे; ज्याला एकच कुंडी हवी आहे त्याने ओळखीच्या माणसाकडून एक चांगला फाटा मागून आणावा आणि या संचाच्या वाटेला जाऊ नये.

काढणीविषयीचा परिच्छेद मात्र नीट लिहिला आहे: रोप पंधरा सेंटिमीटरचे झाले की शेंडे खुडावेत, मुख्य तोडणी फुले उमलण्याच्या तोंडावर करावी आणि पाने सावलीत वाळवावीत.

हाच विक्रेता बी सुटे देतो आणि पुडीही तीच असते, असे त्याच्या यादीवरून दिसते. तेव्हा ट्रे, झाकण आणि चकत्या यांवर खर्च न करता नुसते बी मागवावे आणि कुठल्याही उथळ, भोके असलेल्या भांड्यात पेरावे. एका खेपेला चिमूटभरही लागत नाही. उरलेल्या बियांची पुडी घट्ट मिटून कोरड्या, थंड जागी ठेवल्यास पुढच्या हंगामातही ते कामी येते. फक्त उगवण थोडी कमी धरून पेर किंचित दाट करावी.