तोक्योतील इटालियन उपाहारगृहे : चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

कामानिमित्त तोक्योत येऊन मला चौदा महिने झाले आणि या काळात मी आठवड्यातून एकदा तरी इटालियन जेवण जेवलो आहे. मी अंडे खातो, पण मांस-मासे खात नाही. येथे नूडल्सच्या सुपापासून शिजवलेल्या भाजीपर्यंत बहुतेक पदार्थांत सुक्या बोनितो माशाचा अर्क उतरलेला असतो, त्यामुळे टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेलावर उभे असलेले जेवण माझ्यासाठी मोठाच आधार ठरले. मात्र हा आधार विचारपूस करूनच घ्यावा लागतो.

पिझ्झाच्या बाबतीत मी या शहराला पूर्ण गुण देतो. नेपल्सच्या पद्धतीचे नियम जपणारी संघटना १९८४ साली तेथे स्थापन झाली आणि तिची मान्यता असलेली दुकाने तोक्योतही आहेत. कागुराझाकाच्या चढाजवळील एका गल्लीत भट्टीसमोरच्या बाकावर मी अनेकदा बसलो आहे. कारागीर लाटण्याला हात न लावता केवळ बोटांनी गोळा मधून बाहेर दाबत नेतो, म्हणजे कडेला हवा राहते. लाकडाच्या भट्टीत पिझ्झा जेमतेम दीड मिनिट असतो, पण तेवढ्यात तो लांब दांड्याच्या पात्याने दोन-तीनदा फिरवला जातो आणि बाहेर येतो तेव्हा कडेवर काळे ठिपके उमटलेले असतात. मार्गेरिता पिझ्झा मध्यभागी ओलसरच असतो. कुरकुरीत पिझ्झाची सवय असलेल्यांना तो पहिल्या वेळी कच्चा वाटेल, तसा मलाही वाटला होता.

पास्त्याच्या बाबतीत मला फटका बसला. लसूण, तेल आणि मिरचीच्या पास्त्याला येथे ‘पेपेरोंचिनो’ म्हणतात. नावात काही धोका दिसला नाही, तरीही मी ‘निकु नाशी’, म्हणजे मांसाशिवाय, असे सांगितले होते. ताटलीत बेकनचे तुकडे आले. वाढणाऱ्या मुलीने मनापासून माफी मागितली. पण बोलताना लक्षात आले की तिच्या दृष्टीने ‘निकु’ म्हणजे मांसाचा मुख्य तुकडा, आणि बेकन ही केवळ चवीची गोष्ट. हीच गोष्ट मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सुपाबाबतही झाली. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर ॲलर्जीकारक घटकांची नोंद कायद्याने सक्तीची आहे. उपाहारगृहांना ती सक्ती नाही, त्यामुळे मेनू वाचून खात्री होत नाही. तेव्हापासून मी जपानी भाषेत लिहिलेले एक कार्ड जवळ ठेवतो आणि त्यावर बेकन, हॅम, अँचोव्ही (खारवलेले छोटे मासे), मांसाचा स्टॉक आणि माशाचा अर्क ही नावे वेगवेगळी लिहिली आहेत. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील, दूध घट्ट करणारे रेनेट घालून बनवतात, हेही मला येथेच कळले. आता ते वरून किसून घालू नये असे मी आधीच सांगतो.

जपानी वळणाच्या पास्त्यांना नकली इटालियन म्हणून बाजूला सारणे मला मान्य नाही. पोलॉक माशाच्या तिखट गाबोळीचा पास्ता मी खाऊ शकत नाही, पण सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावरून त्याची थोरवी समजते. ‘नापोलितान’ या केचपमध्ये परतलेल्या स्पॅगेटीचा उगम योकोहामात झाला, असे येथे सांगतात. जुन्या कॉफीगृहांत ती ढोबळी मिरची, कांदा आणि सॉसेज घालून करतात. एका ठिकाणी सॉसेज वगळून मिळाली. पास्ता आधीच उकडून ठेवलेला असल्यामुळे मऊ, किंचित गोड आणि पोटाला तृप्ती देणारी होती.

खर्चाचा अंदाज सांगायचा तर दुपारी सॅलड, पास्ता आणि कॉफी मला १,२०० ते १,५०० येनमध्ये मिळते, आणि त्याच दुकानात रात्री दुप्पट तरी लागतात. रात्री अनेक ठिकाणी ‘कोपेर्तो’ म्हणून पावाचे आणि बैठकीचे माणशी काही शे येन न विचारता बिलात येतात. पहिल्यांदा मला ती चूक वाटली होती. टिप द्यायची नसते आणि मेनूतील दरात १० टक्के कर धरलेला असतो, त्यामुळे हिशेब सोपा जातो.

गेल्या फेब्रुवारीत एका सहा खुर्च्यांच्या दुकानात मी कार्ड पुढे केले. आचाऱ्याने ते दोनदा वाचले आणि फळ्यावरील चारपैकी तीन पदार्थ माझ्यासाठी होणार नाहीत, असे स्पष्ट सांगितले. चौथा म्हणजे कानाच्या पाळीसारख्या आकाराचा ओरेक्किएत्ते पास्ता आणि त्यात अँचोव्ही वगळून परतलेली नानोहाना, म्हणजे कोवळ्या कळ्यांसह खुडलेली, मोहरीच्या कुळातील भाजी. तिचा कडवटपणा मोहरीच्या पाल्याच्या इतका जवळचा होता की मी ताटलीत उरलेले तेल पावाने पुसून घेतले आणि पुढच्या शनिवारची जागा तेथेच सांगून ठेवली.